देशी आणि संकरित द्राक्षांची वाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्नर तालुक्यातली आमची वायनरी लहान आहे. वाइनच्या दुकानात ज्यांची नावं सहसा कानावर पडत नाहीत, अशा द्राक्षांची वाइन आम्ही मुद्दाम करतो. त्यामुळे टेस्टिंगच्या टेबलावर, पुण्यातल्या प्रदर्शनांत आणि फोनवर तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे किचकट. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. संकरित द्राक्ष म्हणजे नेमकं काय?

जगातली बहुतेक वाइन व्हिटिस व्हिनिफेरा या एकाच जातीच्या द्राक्षांची असते. कॅबरने सोव्हिन्याँ, शिराझ, शेनिन ब्लाँ आणि आपल्या घरोघरी खाल्लं जाणारं थॉमसन सीडलेस ही सगळी त्याच जातीतली वाणं. अमेरिकेच्या रानात मात्र द्राक्षाच्या वेगळ्या जाती वाढतात: लाब्रुस्का, रुपेस्ट्रिस, रिपारिया आणि इतर. यातल्या एखाद्या जातीचा व्हिनिफेराशी संकर केला की जे वाण मिळतं त्याला वाइनच्या जगात 'हायब्रिड' म्हणतात.

व्हिनिफेरातल्याच दोन वाणांचा संकर केला तर तोही संकरच, पण त्याला कुणी हायब्रिड म्हणत नाही. कॅबरने सोव्हिन्याँ हे स्वतः कॅबरने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांचं अपत्य आहे, तरी ते शुद्ध व्हिनिफेरा मानलं जातं. या पानावर 'संकरित' म्हणजे दोन वेगळ्या जातींचा संकर. एक अपवाद आहे, तो प्रश्न २० मध्ये.

२. मग देशी द्राक्षं कोणती? द्राक्ष मूळचं भारतातलं आहे का?

आपण खातो ते द्राक्ष मूळचं इथलं नाही. व्हिनिफेरा पश्चिम आणि मध्य आशियाकडून वायव्येच्या वाटेने आली. पण ती फार जुनी पाहुणी आहे. चरकसंहितेत मृद्वीका येते, म्हणजे द्राक्षाशी आपली ओळख दोन हजार वर्षांच्या आसपासची. दख्खनमध्ये द्राक्षाचा पसारा वाढला त्याचा संबंध बरेच जण चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळाशी जोडतात.

शतकानुशतकं इथे राहून इथल्या मातीला सरावलेली वाणं आम्ही देशी धरतो: भोकरी, फकडी, पांढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी. थॉमसन येण्याआधी नाशिक-पुण्याकडच्या मांडवांवर हीच असत. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात पांढऱ्या साहेबीच्या बियांपासून उगवलेल्या रोपांतून निवड होऊन 'चीमा साहेबी' हे वाण तयार झालं. ही वाणं आता बाजारातून जवळजवळ गेली आहेत. बिया आहेत, साल पातळ आहे, वाहतुकीत टिकत नाहीत. खाणाऱ्याला बी नको असतं. वाइन करणाऱ्याला बीची अडचण नाही, आणि म्हणूनच ही वाणं जिवंत ठेवायचं काम वायनऱ्यांनी करावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

३. संकरित म्हणजे जीएम (जनुकीय बदल केलेलं) का?

नाही. संकर म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणं.

द्राक्षाचं फूल आकाराने अगदी किरकोळ असतं आणि त्याच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळून त्यांची टोपी झालेली असते. फूल उमललं की ती टोपी बुडापासून सुटून गळते. संकर करणारा माणूस त्याच्या आधीच चिमट्याने टोपी आणि पुंकेसर काढून टाकतो, म्हणजे फूल स्वतःच्या परागाने फळू शकत नाही. मग तो घोस कागदी पिशवीत बांधायचा, एक-दोन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग ब्रशने लावायचा आणि पुन्हा पिशवी बांधायची. घडातल्या बिया पेरल्या की प्रत्येक बीचं रोप वेगळं निघतं. त्यांतून रोगाला टिकणारं, नीट फळणारं, चांगल्या रसाचं एखादं निवडायला वर्षानुवर्षं जातात. निवड झाल्यावर पुढची लागवड काडीपासून किंवा कलमानेच होते, बियांपासून नाही.

४. तुम्ही कोणत्या वाणांची वाइन करता?

मुख्यतः दोन, आणि दोन्ही पुण्यात तयार झालेली.

पहिलं एआरआय-५१६. आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा या लाब्रुस्का गटातल्या वाणाचा ब्यूटी सीडलेस या व्हिनिफेरा वाणाशी संकर करून ते काढलं. बुरशीजन्य रोगांना प्रतिकार करतं आणि फळछाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होतं. संस्थेने ते रस, जॅम आणि रेड वाइन यांसाठी चांगलं म्हणून पुढे आणलं आहे.

दुसरं मांजरी मेडिका. मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून हे झालं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका असतो, रंग फक्त सालीत असतो. मेडिकाचा गरही लाल. मणी चिमटीत दाबला की बोटांवर जो जांभळा रंग चढतो तो साबणाने लगेच जात नाही. तोडणीच्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांचे हात तसेच असतात. मेडिका आम्ही थोड्या प्रमाणात रंगासाठी मिसळतो आणि तिची वेगळी रोझेही (गुलाबी वाइन) करतो.

भोकरीची पांढरी वाइन ज्या वर्षी पुरेसा माल मिळेल त्या वर्षीच होते.

५. तुमच्या रेड वाइनला ज्यूससारखा, गोळीसारखा वास का येतो? इसेन्स घालता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. इसेन्स घालत नाही. लाब्रुस्का रक्ताच्या द्राक्षांत मिथाइल अँथ्रानिलेट नावाचा सुगंधी घटक नैसर्गिकरीत्या असतो. 'ग्रेप फ्लेवर' म्हणून गोळ्या-सरबतांत जो वास येतो तो याच घटकाचा. म्हणजे नक्कल गोळीने केली आहे, द्राक्षाने नाही. ज्यांनी बंगलोर ब्लूचा ताजा रस प्यायला आहे त्यांना हा वास ओळखीचा वाटेल, कारण तेही लाब्रुस्का रक्ताचंच वाण.

युरोपीय परंपरेत या वासाला 'फॉक्सी' म्हणून नाक मुरडलं जातं. आम्हाला तो दोष वाटत नाही. तो त्या फळाचा गुण आहे, मात्र प्रमाणात हवा. द्राक्ष जास्त पिकू दिलं की हा वास वाढतो, म्हणून आम्ही तोडणी थोडी आधी करतो. सालीबरोबर रस ठेवायचे दिवसही कमी ठेवतो.

६. द्राक्षासव आणि वाइन एकच ना?

दोन्हींत यीस्ट साखरेपासून अल्कोहोल तयार करतं, तेवढं साम्य खरं. द्राक्षासवात साधारणपणे मनुका, गूळ किंवा साखर, धायटीची फुलं आणि मसाल्याची औषधी द्रव्यं असतात. ते आयुर्वेदिक औषध आहे, वैद्याच्या सांगण्यावरून ठरलेल्या मात्रेत घ्यायचं. वाइनमध्ये ताज्या द्राक्षाचा रस आंबवतात आणि ती औषध नाही. तब्येतीचा भाग प्रश्न १५ मध्ये आहे.

७. कॅबरनेसारखी का लागत नाही? पाणचट वाटते.

पाणचट नाही, तिच्यात टॅनिन कमी आहे. चहा जास्त उकळला की जीभ कोरडी पडते, ती टॅनिनमुळे. कॅबरने-शिराझच्या साली आणि बियांतून टॅनिन भरपूर उतरतं. संकरित द्राक्षांत एक तर ते कमी असतं, आणि जे असतं त्यातलं बरंचसं गरातली प्रथिनं धरून तळाशी नेतात. त्यामुळे रंग गडद आणि तोंडात मात्र हलकी, अशी वाइन होते. ग्लासातला जांभळा रंग बघून लोक जड वाइनची अपेक्षा धरतात आणि पहिल्या घोटाला गोंधळतात.

यावर उपाय म्हणून ओकच्या पिंपात वर्षभर ठेवून तिला कॅबरने बनवायचा प्रयत्न करता येतो. आम्ही तो करत नाही. लाकडाचा वास फळाच्या वासावर बसतो आणि हाती दोन्हींपैकी काहीच धड लागत नाही. ही वाइन ताजी, थोडी गार, जेवणाबरोबर प्यायची. तिचं मोजमाप तिच्याच गुणांवर करा.

आणि या द्राक्षांना स्वतःचा इतिहास नाही असं तर मुळीच नाही. एआरआय-५१६ चं एक पालक वाण कॅटॉबा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथे निकोलस लाँगवर्थ याने कॅटॉबाची फसफसणारी वाइन केली आणि ती अटलांटिकपलीकडेही नावाजली गेली. कॅनडातली प्रसिद्ध आइसवाइन बरीचशी विदाल या संकरित द्राक्षाची असते. संकरित द्राक्षांची वाइन म्हणजे दुय्यम, हे समीकरण आळसातून आलेलं आहे.

८. अल्कोहोल किती असतं?

बाटलीवर छापलेलं असतं, तेच खरं. ठोकताळा असा: तोडणीच्या वेळी रसाचं ब्रिक्स (रसातल्या साखरेचं मोजमाप) जेवढं, त्याच्या साधारण ५५ ते ६० टक्के अल्कोहोल, सगळी साखर आंबली तर. म्हणजे २० ब्रिक्सच्या रसाची ११ ते १२ टक्क्यांची वाइन. आम्ही तोडणी आधी करतो (प्रश्न ५), त्यामुळे आमच्या वाइन या आकड्याच्या आसपास किंवा थोड्या खालीच असतात. देशी दारूशी तुलना करणाऱ्यांसाठी: ती ऊर्ध्वपातन करून काढतात, वाइन फक्त आंबवलेली असते.

९. संकरित वाणांना फवारणी लागतच नाही, हे खरं का?

खरं नाही. कमी लागते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण 'फवारणीशिवाय द्राक्षं' असं सांगून रोपं विकणारेही भेटतात.

आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा पुढच्या फळाच्या काड्या तयार होतात. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यानंतर घड निघतात. पंचाईत अशी की गोडी छाटणीनंतरची कोवळी फूट आणि परतीचा पाऊस एकमेकांना गाठतात. पानं ओली राहिली की केवडा, म्हणजे डाऊनी, दोन रात्रींत बागेत शिरतो आणि फुलोऱ्यातला घड वाळवून टाकतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला अवकाळी ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावून सांगायला नको. मागोमाग थंडीत भुरी येते. व्हिनिफेराला या दोन्ही बुरशींची सवयच नाही, कारण त्या मूळच्या अमेरिकेच्या. अमेरिकन जाती त्यांच्याबरोबरच वाढल्या, म्हणून त्यांच्या रक्तात प्रतिकार आहे आणि तो संकरातून पुढे येतो.

एआरआय-५१६ ला हा फायदा मिळतो. दर पावसानंतर पंप घेऊन धावावं लागत नाही, यात खर्च वाचतो आणि फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर जाणारं औषधही. पण प्रतिकार म्हणजे अभय नव्हे. मिलीबग, फुलकिडे, उडद्या यांना वाणाच्या जातीशी देणंघेणं नाही. मेडिकाला तर बुरशीच्या बाबतीतही सवलत नाही, तिची काळजी नेहमीच्या द्राक्षासारखीच घ्यावी लागते. आमच्या वाइनवर 'सेंद्रिय' असं लिहिलेलं नाही, कारण आमच्याकडे ते प्रमाणपत्र नाही.

१०. अशा द्राक्षांच्या वाइनमध्ये मिथेनॉल असतं, पिऊन डोळे जातात, असं वाचलं. खरं आहे का?

काळजी रास्त आहे, म्हणून सविस्तर सांगतो. विषारी दारूने जे बळी जातात ते बहुतेक वेळा औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. द्राक्षाच्या वाइनशी त्याचा संबंध नाही.

मात्र प्रत्येक फळाच्या वाइनमध्ये किंचित मिथेनॉल असतंच. फळातल्या पेक्टिनपासून ते सुटतं. लाब्रुस्का गटात पेक्टिन जास्त, म्हणून त्यांच्या वाइनमध्ये ते व्हिनिफेरापेक्षा थोडं जास्त असू शकतं. तरीही ते अपायकारक पातळीच्या कितीतरी खाली असतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? बंगलोर ब्लूचा मणी दाबून बघा. साल हातात राहते आणि गर गोळीसारखा सटकन बाहेर येतो. तो बुळबुळीत असतो, प्रेसमध्ये घातला तर रस सोडत नाही, नुसता इकडून तिकडे सरकतो. या रक्ताच्या द्राक्षांसाठी दोन उपाय आहेत. एक म्हणजे पेक्टिन तोडणारं एन्झाइम घालणं. त्याने रस मोकळा होतो, पण पेक्टिन तुटताना थोडं मिथेनॉलही सुटतं. दुसरा, प्रेसमध्ये धुतलेलं भाताचं तूस मिसळणं. तुसामुळे रसाला वाट मिळते. मावळ-मुळशीच्या पट्ट्यात तूस हवं तेवढं मिळतं, आणि आम्ही भर त्याच्यावर देतो. एन्झाइम लागलंच तर कमीत कमी. प्रत्येक वाइन बाटलीत जाण्याआधी प्रयोगशाळेत तपासली जाते, त्यात मिथेनॉलची तपासणीही असते.

११. युरोपात संकरित द्राक्षांच्या वाइनवर बंदी आहे म्हणे?

अर्धं खरं. फ्रान्सने १९३० च्या दशकात काही संकरित वाणांवर बंदी आणली आणि पुढे युरोपीय नियमांत सहा वाणांची नावं आली: इझाबेला, नोआ, ओथेल्लो, जॅके, क्लिंटन आणि हर्बमाँ. कारण म्हणून मिथेनॉलची भीती सांगितली गेली. पण त्या काळात वाइनचं उत्पादन खपाच्या फार पुढे गेलं होतं आणि भाव पडले होते, हे बंदीमागचं मोठं कारण होतं. ही सहा वाणं आजही तिथे वाइनसाठी चालत नाहीत.

बाकीच्या संकरित वाणांवर सरसकट बंदी कधीच नव्हती. जर्मनीतली रेजेंट, सोलारिस ही रोगप्रतिकारक वाणं तिथे रीतसर लावली जातात. २०२१ मध्ये युरोपीय संघाने नियम सैल केले आणि भौगोलिक मानांकनाच्या वरच्या दर्जाच्या वाइनमध्येही संकरित वाणांना वाट करून दिली. हवामान बदलतंय आणि फवारण्या कमी करायच्या आहेत, ही त्यामागची कारणं. बंगलोर ब्लू हे इझाबेलाच असं अनेक जण मानतात, त्यामुळे त्याची वाइन युरोपात पाठवायचा विचार असेल तर आधी तिथल्या नियमांचा जाणकार गाठा.

१२. वाइन शाकाहारी असते का?

प्रत्येक नसते. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन किंवा माशापासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात. ते गाळासोबत निघून जातं, तरी ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. आम्ही बेंटोनाइट ही खनिज माती वापरतो. टॅनिन कमी असल्याने (प्रश्न ७) अंड्याचा पांढरा बलक वापरायची गरजही पडत नाही.

१३. लेबलवर सल्फाइट लिहिलंय. ते न घालता वाइन होत नाही का?

होते, पण पुण्याच्या उन्हाळ्यात टिकणं अवघड. सल्फाइट वाइनला हवेपासून आणि नको त्या जिवाणूंपासून राखतं. आंबण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःही थोडं तयार करतं. लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लेबलवर लिहावं लागतं. दमा असलेल्यांपैकी काहींना त्याचा त्रास होतो, त्यांनी हे लेबल गंभीरपणे घ्यावं.

१४. घरी कशी ठेवायची? आणि बाटलीत तळाशी काचेसारखे कण दिसतात ते काय?

ते कण टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत, काच नाही. हे आम्ल द्राक्षात असतंच, वाइन फ्रिजमध्ये गेली की त्याच्या क्षाराचे स्फटिक होतात. निरुपद्रवी आहेत. बाटली उभी ठेवा, शेवटचा घोट सोडून ओता. मेडिका मिसळलेल्या वाइनमध्ये हे कण जांभळे दिसतात आणि तळाशी रंगाचा गाळही बसतो, तोही निरुपद्रवीच.

साठवणीचं म्हणाल तर आमच्या वाइन मुरवत ठेवायच्या नाहीत. वर्ष-दीड वर्षात संपवा. मे महिन्यात बंद गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेली बाटली वाया गेली असं धरा. घरात थंड, अंधारी जागा नसेल तर सरळ फ्रिज. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला थंड देशातल्या खोलीचा आहे. आपल्याकडे पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते.

१५. रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली ना? काळ्या द्राक्षात रेझव्हेराट्रॉल असतं.

आम्ही वाइन विकतो, तरी उत्तर नाही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. वाइनमध्ये रेझव्हेराट्रॉल इतकं कमी असतं की त्यासाठी वाइन प्यायला अर्थ नाही. गरोदर बायकांनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि गाडी चालवायची आहे त्यांनी घेऊ नये. मधुमेह असेल किंवा औषधं सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना फळाचे गुण हवेत त्यांनी द्राक्षं खावीत. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि आमच्या टेस्टिंगला आम्ही ओळखपत्र बघतो.

१६. कशाबरोबर प्यायची? आमच्याकडे चीज वगैरे रोज नसतं.

चीजची गरजच नाही. तिखटावर टॅनिनची वाइन घेतली की जाळ वाढतो. आमच्या रेडमध्ये टॅनिन कमी, म्हणून ती मराठी जेवणात बसते. आमची सगळ्यात आवडती जोडी आमच्याच भागातली: मासवडी आणि रस्सा. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण, वर काळ्या मसाल्याचा तिखट रस्सा, आणि शेजारी गार केलेली एआरआय-५१६. खोबऱ्याचा तेलकटपणा आंबटपणाने कापला जातो आणि फळाचा वास मसाल्याखाली दबत नाही.

भरली वांगी, सुकं मटण, पिठलं-भाकरी-ठेचा यांबरोबरही हीच. मेडिकाची रोझे तळलेल्या सुरमईला किंवा कोथिंबीरवडीला. भोकरीची पांढरी अळूवडीबरोबर घेऊन बघा. पुरणपोळीबरोबर मात्र आमची एकही वाइन जमत नाही, गोडापुढे कोरडी (साखर न उरलेली) वाइन नुसती आंबट लागते.

१७. आमची दोन एकर बाग आहे. संकरित वाणं लावू का? तुम्ही माल घ्याल का?

आधी करार, मग खड्डे. हे वाक्य आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो.

राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणल्यावर वायनऱ्या भराभर निघाल्या आणि खूप जणांनी वाइनची द्राक्षं लावली. २००८ नंतर मंदीत मागणी बसली, माल बागेत राहिला, पैसे अडकले आणि लोकांनी जड हाताने वेली उपटल्या. खाण्याच्या द्राक्षाला एक व्यापारी नाही आला तर दुसरा येतो, शेवटी बेदाणा करता येतो. बी असलेल्या, जांभळ्या, रसाच्या द्राक्षाला हा आधार नाही. वायनरी किंवा रस काढणारा कारखाना एवढीच गिऱ्हाइकं. म्हणून करारात किमान ब्रिक्स, दर, पैसे देण्याची तारीख आणि पीक जास्त आलं तर काय, हे चारही मुद्दे लिहून घ्या. ब्रिक्स कुठे आणि कुणासमोर मोजायचं तेही.

आम्ही दर वर्षी थोड्याच नव्या शेतकऱ्यांना जोडून घेतो, तेही वायनरीपासून जवळचे, कारण तोडलेला माल उन्हं चढायच्या आत पोचायला हवा. पहिल्या वर्षी दोन एकर नको, चार-पाच ओळी लावा.

आणखी एक: निर्यातीतून उरलेलं थॉमसन वाइनसाठी घ्या, अशी विनंती दर फेब्रुवारीत येते. ते घेता येत नाही. जीए (जिबरेलिक आम्ल) या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून मणी फुगवलेला असतो, त्यात पाणी जास्त आणि सालीचं प्रमाण कमी. चवही उरत नाही.

१८. आमच्या बागेत डॉगरिजचा खुंट आहे. म्हणजे आमचं थॉमसनही संकरित झालं का?

नाही. डॉगरिज ही टेक्सासकडची अमेरिकन वेल, ११०-आर हा दुसरा खुंट दोन अमेरिकन जातींचा संकर. पण खुंट फक्त मुळं देतो: क्षार सोसतो, पाण्याचा ताण सोसतो. वर भरलेल्या कलमाचं फळ थॉमसनचंच राहतं. खुंटाचा लाब्रुस्कासारखा वासही फळात चढत नाही.

१९. घरी करायची आहे, कृती द्याल का?

नाही देणार. महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे, घरच्यासाठी केली तरी. द्राक्षाचा रस, सिरप किंवा जेली जरूर करा, त्यासाठी मेडिका आणि एआरआय-५१६ दोन्ही उत्तम आहेत.

२०. मांजरी मेडिका संकरित की व्हिनिफेरा? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

प्रश्न १ मध्ये म्हटलेला अपवाद हाच. फ्लेम सीडलेस आणि पुसा नवरंग दोन्ही व्यवहारात व्हिनिफेरा धरली जातात, म्हणून मेडिकाही तशीच नोंदली जाते. पण पुसा नवरंगचं एक पालक रुबीरेड हे कॅलिफोर्नियातलं वाण. त्याच्या आधीच्या पिढीत अलिकांत गांझँ येतं. ते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संकरातून आलं आहे, आणि त्यात अमेरिकन रुपेस्ट्रिसचं रक्त आहे. म्हणजे मेडिकाच्या पणजोबांच्याही मागे एक रानवेल उभी आहे.

याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसू शकतो. अमेरिकन जातींच्या लाल रंगात डायग्लुकोसाइड प्रकारची रंगद्रव्यं असतात, व्हिनिफेरात ती जवळजवळ नसतात. संकरित द्राक्षाची भेसळ पकडायला जगभर हीच चाचणी लावतात. त्यामुळे मेडिका मिसळलेल्या वाइनला कुणी शुद्ध व्हिनिफेरा म्हणून विकायला गेलं, तर चाचणीत अडचण येऊ शकते. आम्ही वाणांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लेबलवर लिहितो. ग्लासात काय आहे ते पिणाऱ्याला कळायला हवं, आणि ही द्राक्षं लपवण्यासारखी नाहीत. ज्या बाटलीवर 'एआरआय-५१६, मांजरी मेडिका' असं आहे तिच्यात पहिलं जास्त, दुसरं कमी. नुसतं 'मांजरी मेडिका' असेल तर ती रोझे, दुसरं काही न मिसळलेली.